पूर ओसरल्यावर हरिपूर

श्रावणातील मोठा पाऊस थांबून कृष्णा पुन्हा पात्रात शिरली, की सांगलीहून हरिपूरला सायकलने जावे. अंतर मोजके काही किलोमीटर. परंतु पाहत जाणाऱ्यास सकाळ अपुरी पडते.

प्रारंभ आयर्विन पुलापासून करावा. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाजवळ पाण्याची उंची मोजली जाते. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. या आकड्यांचा अर्थ पेठेतील व्यापाऱ्यास वेगळा सांगावा लागत नाही.

हरिपूरच्या ओल्या वाटेवर गोगलगायी आणि गांडुळे फिरत असतात. मुनींची ईर्यासमिती चार हात भूमी निरखून पाऊल टाकावयास सांगते. सायकलच्या वेगाला ते साधणारे नाही. तेव्हा अशा जागी उतरून चालावे हेच बरे. चातुर्मासात साधू एका स्थानी का राहतात, हे येथे प्रवचनावाचून कळते.

हरिपूरचे खरे वैभव मात्र जमिनीखाली होते. येथील घट्ट मातीत हळद साठविण्यासाठी पेवे खोदलेली असत: तोंड अरुंद, पोट घागरीसारखे विस्तीर्ण. आत पाला व चटया अंथरून हळद भरावयाची आणि तोंड मातीने लिंपून टाकावयाचे. हवा नसल्याने कीड लागत नसे, औषध फवारावे लागत नसे, आणि माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर माणूस एकदम आत उतरत नसे. आधी कंदील सोडीत, तो तेवत राहिला तरच उतरत. मालकाने आपला माल डोळ्यांनी न पाहता वर्षे काढावीत, एवढा त्या मातीवर भरवसा होता. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरले, अनेक पेवे ढासळली आणि हळद गोदामांत व शीतगृहांत गेली. सोय झाली; पण भाडे व विजेचे बिल मागे लागले.

संगमेश्वराजवळ वारणा कृष्णेला मिळते. कोयना धरणाचे पाणी कृष्णेतून आणि चांदोलीचे वारणेतून येथे एकत्र येते. दोन्हीकडून एकाच वेळी विसर्ग वाढला, की घाट दिसेनासा होतो. पूर उतरला, की पायऱ्यांवर गुळगुळीत गाळ उरतो. तेथे सायकल हातीच धरावी.

परतताना हळदीच्या शेतांत चर खणण्याची घाई दिसते. पाणी साचून राहिले, तर कंद जमिनीतच कुजतो.