मांगीतुंगीच्या पायथ्याशी

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात ताहाराबाद मागे पडले की मांगी आणि तुंगी ही जुळी शिखरे दिसू लागतात. २०१६ मध्ये प्रतिष्ठापित झालेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीमुळे येथे आता सहकुटुंब येणारे यात्रेकरू वाढले आहेत.

मंडळी डोंगरावर असताना पायथ्याशी गाडीत पंखा आणि गाणी तासन् तास चालू राहतात. परतल्यावर किल्ली फिरवावी, तर नुसती टिकटिक! सोबतच्या ज्येष्ठांचे भोजन सूर्यास्तापूर्वी व्हायचे असते. अशा वेळी किल्ली पुन्हापुन्हा न फिरवता आवाज ऐकावा.

जलद टिकटिक आणि मंदावणारे दिवे म्हणजे बॅटरी उतरली, किंवा तिच्या टर्मिनलवर क्षार साचला. दिवे प्रखर असून एकच ‘खट्’ झाले, तर दोष बहुधा स्टार्टरचा. तेथे मेकॅनिकच हवा.

क्षार काढताना आधी ऋण, मग धन तार सोडावी. बसवताना उलट क्रम. दुसऱ्या गाडीची मदत घेताना लाल तारेने दोन्ही धन टोके जोडावीत. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे दुसरे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतील हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो.

गाडी सुरू झाली की सटाण्यापर्यंत इंजिन बंद करू नये. तेथे बॅटरी तपासून घेतल्यावरच नाशिकचा रस्ता धरावा.