गणिताचे वावडे

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर माझ्या मुलीने शाळेतून आणलेला एक छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. "बाबा, येथे सही करा. मी सोपे गणित घेणार आहे," ती म्हणाली, आणि मी काही विचारण्यापूर्वीच तिने पुढे जोडले, "नाही तरी आपल्या घराण्यात गणित कोणाला आले आहे?"

ते वाक्य माझेच होते. गेली पंधरा वर्षे, नागपूरहून निघून तीन बदल्यांनंतर डेहराडूनला येईपर्यंत, मी ते प्रत्येक बैठकीत हसत हसत उच्चारीत आलो आहे. "आम्ही साहित्यातली माणसे, गणिताचे आम्हांला वावडे!" असे म्हटले की चार लोक हसतात, आणि आपण रसिक असल्याचे प्रमाणपत्र फुकटात मिळते. मला लिहितावाचता येत नाही, असे मी कधी हसत सांगितले असते काय?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या आहेत. अभ्यासक्रम एकच, पण एक प्रश्नपत्रिका नेहमीची आणि दुसरी, ज्यांना पुढे गणित शिकावयाचे नाही त्यांच्यासाठी, सोपी. ही सोय वाईट नाही. कित्येक मुलांच्या मनावरचा बोजा तिने हलका केला असेल. परंतु माझ्या मुलीला गणित अवघड वाटते की नाही, हे मला ठाऊकच नव्हते. ती ते विचारपूर्वक सोडीत होती, की माझ्याकडून वारशाने आलेली वस्तू समजून टाकून देत होती?

अर्ज तसाच ठेवून मी माझ्या भीतीचा उगम शोधू लागलो. पाढ्यांची भीती मला कधीच वाटली नाही. दिवेलागणीला परवचा म्हणताना आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी एकेक पायरी चढवीत, आणि ती लय मला गाण्यासारखी गोड वाटे. भीती शिरली ती आठवीत. फळ्यावर बीजगणिताचे उदाहरण सोडविताना माझे एक चिन्ह चुकले. गुरुजींनी ते पुसले नाही. वर्गाला वाचून दाखविले. चाळीस मुले हसली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, त्या आजतागायत पुरत्या निवलेल्या नाहीत. मला वावडे जडले ते गणिताचे नव्हे, तर चारचौघांत चुकण्याचे. पण ते कबूल करण्यापेक्षा साहित्याचा अंगरखा चढविणे सोयीचे होते.

नाही तर, महागाई भत्त्याचा नवा दर जाहीर झाला की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर थकबाकीचा आकडा माझ्याइतक्या चपळाईने कोण मांडतो? आपणांपैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. खात्याच्या अंदाजपत्रकातली शेकडेवारी मी रोज तपासतो. तेथे मला गणित येते, कारण तेथे कोणी हसत नाही.

मुलीला हे सारे सांगावे असे वाटले. पण उपदेश करण्याचा माझा अधिकार मीच घालविला होता. म्हणून मी कागद घेतला आणि तिला देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांचा खेळ दाखविला. पदव्युत्तर शिक्षण न घेतलेल्या या गृहस्थांनी १९४९ साली एक नवल शोधून काढले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडावे, मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि मग ती हलत नाही. गणितज्ञांपैकी अनेकांनी कापरेकरांकडे प्रथम दुर्लक्षच केले. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

मुलीने आपले जन्मवर्ष घेतले, २०१०. २१०० वजा ००१२, २०८८; मग ८५३२; आणि तिसऱ्या पायरीला ६१७४! ती ओरडलीच. माझा जन्म दुष्काळाच्या वर्षीचा, १९७२ चा. ९७२१ वजा १२७९, ८४४२. दुसऱ्याच वजाबाकीत उसना घेतलेला एक मी विसरलो आणि ५९९४ च्या जागी ६९९४ लिहून बसलो.

"बाबा, चुकलात," ती म्हणाली.

कानांच्या पाळ्या क्षणभर तापल्या. पण ती हसली नव्हती. तिने नुसते बोट ठेवले होते. मी आकडा खोडला आणि पुढे निघालो. ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या पायरीला ६१७४. माझी वाट सर्वांत लांबची निघाली, पण पोहोचली तेथेच.

"तुम्हांला येते की गणित," ती जरा संशयाने म्हणाली.

"येते. चुकायची लाज वाटते, एवढेच."

तिने बराच वेळ त्या खाडाखोडीच्या कागदाकडे पाहिले. खिडकीबाहेर मसुरीचे दिवे लुकलुकत होते. मग ती हळूच म्हणाली, "मलाही वर्गात तेच वाटते."

यापूर्वी हे तिने कधी सांगितले नव्हते. सांगणार तरी कशी? घराण्याचा दाखला देऊन मी तो प्रश्नच निकालात काढला होता.

अर्जावर कोणत्या चौकटीत खूण करावयाची ते दोन दिवसांनी ठरवीन, असे ती म्हणाली. कोऱ्या कागदावर सही करू नये, हा नोकरीतला पहिला धडा मी आजवर कसोशीने पाळला होता. त्या रात्री तो मोडला. खाली सही केली, वरच्या दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि अर्ज तिच्या हाती दिला.