काशीच्या घाटावर 'येतों' म्हणतांना

काशीस गेलेल्या महाराष्ट्रीय यात्रेकरूस आपण परमुलुखांत आहों असें फारसें वाटतच नाहीं. विश्वनाथाचें मंदिर अहिल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास पुन्हां उभारलेलें. नदीकांठीं शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्या घाट हीं नांवें जागोजाग भेटतात. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून मराठी वैदिकांचीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या नांदलेलीं. त्यांतून भाषा हिंदी, म्हणजे निम्मी आपलीच! ही निम्मी ओळखच कसा घात करते, तें वडिलांच्या अस्थि घेऊन मी आईबरोबर तेथें गेलों तेव्हां कळलें.

वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या आईस एक नावाडी म्हणाला, "माताजी, नाव खाली है." "खालीं आहे तें दिसतेंच आहे रे बाबा," आई उत्तरली, "रिकामी आहे का तें सांग!" बिचारा तेंच तर सांगत होता. पुढें हिंदु विश्वविद्यालयाच्या 'शिक्षा संकाया'चें नांव ऐकून, एवढ्या थोरल्या मुलांना येथें शिक्षा करतात कीं काय, अशीहि तिला शंका आली. येथवर सारें हंसण्यावारी गेलें.

त्याच नावाड्याशीं सकाळीं अस्थिविसर्जनाचें बोलणें झालें. दर ठरला, जागा ठरली. जावयाचें दुसरे दिवशीं, असें माझ्या मनांत. पण तें मनांतच राहिलें. उठतांना मीं म्हटलें, "अच्छा, हम आते हैं." निघतांना 'जातों' म्हणणें आपल्याकडे अशुभ, त्या मनुष्यानें मात्र आम्ही अस्थि आणावयास गेलों असें मानून दिवे लागेपर्यंत वाट पाहिली आणि दोन गिऱ्हाइकें परतविलीं.

दुसरे दिवशीं आम्ही पहांटे गेलों, तर तो रागानें कांहींतरी बोलूं लागला. मला त्यांतला 'कल' तेवढा कळला. तो बोलत होता कालच्या दिवसाविषयीं. मीं अर्थ घेतला उद्यांचा. दर वाढविण्यासाठीं हा टाळतो आहे, असें वाटून मींहि आवाज चढविला. आई मांडीवर कलश घेऊन गप्प बसली होती. तो क्षण आठवला कीं अजून लाज वाटते.

अखेर आमच्या मराठी उपाध्यायांनीं उलगडा केला. अगदींच अनोळखी शब्द कानीं पडला असता तर मीं थांबून विचारलें असतें. ओळखीचा शब्द विचारूंच देत नाहीं. घरांत तरी निराळें काय होतें? 'लौकर ये', 'थोडेंसें वाढ', यांतलें लौकर म्हणजे कधीं आणि थोडें म्हणजे किती, हें कोण विचारतो? मग ताटावर रुसवेफुगवे!

बुडालेल्या दिवसाचे पैसे मीं नावाड्याच्या हातीं ठेवले. त्या दिवशीं त्याची नाव दुसऱ्यास दिलेली होती. नव्या बेताच्या वेळीं 'कल' हा शब्द त्यानें उच्चारलाच नाहीं. "मंगलवार, सूरज निकलने से पहले, भोसले घाट," असें म्हणून तेंच त्यानें माझ्याकडून वदवून घेतलें.

मंगळवारीं विसर्जन यथासांग झालें. निरोपाच्या वेळीं 'येतों' म्हणण्याची सोय नव्हती, आणि 'जातें' हा शब्द आईच्या तोंडून कांहीं केल्या निघेना. तिनें नुसते हात जोडले. नावाडी हंसला आणि म्हणाला, "फिर आइएगा, माताजी."