गाडीला थंडी वाजते तेव्हा

आमच्या निफाडचं नाव हिवाळ्यात हमखास वर्तमानपत्रात झळकतं. द्राक्षांसाठी नाही हं, थंडीसाठी! बाकीचा महाराष्ट्र कपाटातला स्वेटर शोधत असतो तेव्हा इथे पारा कधी कधी पार चार-पाच अंशांवर उतरलेला असतो. द्राक्षांच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार बागांतून शेकोट्या पेटवून रात्र जागवतात. अशा गारठ्यात माणसंसुद्धा उठताना कुरकुर करतात, मग जुन्या गाडीनं का करू नये? पण ती का कुरकुरते हे ओळखायला मेकॅनिकपेक्षा घरातली बाईच जास्त उपयोगी पडते, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल, पण आधी वाचून घ्या.

आमची गाडी 1997 ची मारुती 800. कार्बोरेटरची, हातानं चोक ओढावा लागणारी. ही गाडी बनायचीच 2014 मध्ये बंद झाली. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, हरित कर, सगळं यथासांग भरून आम्ही ती बाळगली आहे. "विकून टाका ती खटारी" असं सांगणारे पाहुणे पुष्कळ भेटतात. नवी घ्यायला पैसे कोण देणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि गाडी आम्हाला हौसेसाठी नको आहे. माझ्या सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, नाशिकला, सकाळच्या पहिल्या पाळीत. पहाटे सव्वापाचला निघावं लागतं. आमचे हे नोकरीनिमित्त परगावी, तेव्हा गाडी मीच चालवते. एक पाळी चुकली तर शरीरात पाणी साचतं, पायावर सूज येते, धाप लागते. नंतरच्या पाळीत जागा मिळेलच असं नाही. गेल्या पौषात गाडी रुसायला लागली, तेव्हा शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसलेल्या आई म्हणायच्या, "अगं, राहू दे आज. एका दिवसानं काय होतंय?" काय होतंय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

गाडी गॅरेजमध्ये नेली. आता गंमत पाहा. गॅरेज उघडतं दहाला. तोवर ऊन चढलेलं, इंजिन रस्त्यानं येऊन तापलेलं. मेकॅनिकनं किल्ली फिरवली की बाईसाहेब पहिल्या झटक्यात सुरू! डॉक्टरांच्या पायरीवर पोरांचा ताप उतरतो ना, अगदी तसंच. "काकू, गाडी तर मस्त आहे. बॅटरी बदलून टाका, थंडीत बॅटरीच बसते," असं तो मुलगा म्हणाला. बॅटरी चार वर्षांची होती, बदलली. दोन दिवसांनी पहाटे पुन्हा तेच. मग सेल्फ उघडून साफ केला, त्याचे कार्बन ब्रश बदलले. पुन्हा तेच. मुलगा वाईट नाही, कामाला चोख आहे. पण जो आजार पहाटे पाचलाच दिसतो, तो त्याला अकरा वाजता दिसणार कसा? दुखण्याच्या वेळी जवळ असणारी मी एकटीच. तेव्हा मी ठरवलं की आता पाहणी आपण करायची आणि काय दिसलं ते त्याला सांगायचं. दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मागची पानं त्यासाठी घातली.

थंडीचा गाडीवर तीन अंगांनी मारा होतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा जोर कमी पडतो. इंजिन ऑइल घट्ट होतं. फ्रिजमधून काढलेलं तूप आणि चुलीजवळचं तूप यांतला फरक आठवा. म्हणजे जोर कमी आणि ओझं जास्त. तिसरं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि पेट घेते ती वाफच. म्हणून तर चोक असतो. तो ओढला की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं.

आता या तिघांपैकी दोष कुणाचा, ते आधी कानानं ओळखायचं. किल्ली फिरवल्यावर नुसती 'टक्' आणि शांतता, तर बॅटरीची टर्मिनल्स किंवा सेल्फचा सोलेनॉइड. 'घुर्रर्र... घुर्रर्र...' असा रडत, दमत फिरला, तर वीज पुरेशी पोचत नाही किंवा ऑइल फार घट्ट आहे. आणि सेल्फ टणाटण फिरतोय, पण इंजिन पकडतच नाही, तर वीज सोडा; पेट्रोल नाही तर ठिणगी, यांत शोधा. एवढं नेमकं सांगितलंत तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं. 'स्टार्ट होत नाही' म्हणणं म्हणजे 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं आहे. कुठे दुखतंय ते सांगायला नको का?

आमची दुसऱ्या जातीची. रडत फिरणारी.

हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. बॅटरीजवळ जाताना धातूच्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं काढून ठेवा. दोन टर्मिनलांमध्ये सोनं आलं तर ते क्षणात लाल होतं आणि कातडी भाजते. पदर खोचून घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक घट्ट. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ काडी पेटवायची नाही. आणि हो, थंडीत कुणी गाडीखाली शेकोटी करायला सांगतं, कुणी तापलेलं पाणी ओतायला सांगतं. ऐकू नका. शेडचं दारही सताड उघडं ठेवा, धुराचा विषार कळतसुद्धा नाही.

पहिली परीक्षा फुकट आहे. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे पार मिणमिणले तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स दोषी. आमचे दिवे बऱ्यापैकी लख्ख राहिले आणि सेल्फ मात्र धापा टाकत होता! म्हणजे बॅटरीत वीज आहे, पण सेल्फपर्यंत पुरेशी जात नाही. वहीत लिहिलं. टर्मिनल्सवर पांढरा-हिरवा थर होता, तो गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासला, कोरडं केलं, वर व्हॅसलीन लावलं. (काढताना ऋण टर्मिनल आधी आणि लावताना शेवटी, हे विसरू नका.) थोडा फरक पडला, पण थोडाच.

मग लेकीच्या प्रयोगशाळेच्या डब्यातला मल्टिमीटर घेतला. रात्रभर उभ्या राहिलेल्या, भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.2 दिसले तर ती साधारण अर्धीच भरलेली समजा. सेल्फ मारताना आकडा उतरतोच, पण साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. आमचा अकराच्या वरच राहिला. नवी बॅटरी निर्दोष ठरली, आणि जुनीही बहुधा निर्दोषच गेली बिचारी.

त्याच आठवड्यात, खरं तर चोक नीट मिटतो की नाही हे बघायला मी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचं झाकण काढलं, लेकीला चोक ओढायला सांगितलं. झडप पूर्ण मिटत होती. वायर अडकते का बघायला मी तिच्यावर बोटं ठेवली आणि म्हटलं, "मार गं सेल्फ." पाच-सहा सेकंद घुर्रर्र झालं असेल. पहाटेचे पाच, नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता, आणि चोकची वायर मला कोमट लागली! पुन्हा मारायला सांगितलं, आणखी गरम. लेक म्हणाली, "आई, चोकच्या वायरीत वीज कशी येईल?" तोच तर प्रश्न होता.

वीज बॅटरीतून सेल्फकडे जाते तशी तिला परतही यावं लागतं. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवलेलं असतं, त्यामुळे परतीसाठी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. मेकॅनिक तिला 'अर्थिंग' म्हणतात. ती गंजली की वीज मिळेल त्या वाटेनं परतते: चोकची वायर, क्लचची वायर, ॲक्सिलरेटरची वायर. त्या बारीक वायरींना तो भार कसला पेलतोय? त्या तापतात आणि सेल्फ अर्धपोटी राहतो. उन्हात इंजिन हलकं फिरतं, म्हणून तेवढ्यावरही भागतं. गारठ्यात भागत नाही. हेडलाइटची परतीची वाट थेट बॉडीतून, म्हणून दिवे लख्ख. सगळे धागे जुळले.

खात्रीसाठी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावलं आणि सेल्फ मारला. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. आमचा दोनवर गेला.

वही घेऊन गॅरेजात गेले. मुलानं एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निमूटपणे गाडीखाली शिरला. पट्टी बाहेर आली ती हिरवी, निम्म्या तारा तुटलेल्या, बोल्टखाली गंजाचा पापुद्रा. नवी पट्टी बसवली, जागा घासून धातू चमकवला. बॅटरीच्या किमतीच्या मानानं खर्च म्हणजे किस पेड की पत्ती! दुसऱ्या दिवशी पहाटे चोक ओढून किल्ली फिरवली, दुसऱ्याच घुर्रला इंजिन बोललं. आई मागून म्हणाल्या, "हिटर लाव गं." इतकंच.

तुमच्या गाडीचं दुखणं हेच असेल असं नाही. सेल्फ जोरात फिरून इंजिन पकडत नसेल, तर एक प्लग काढून पाहा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त होतंय, ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. दव पडणाऱ्या पहाटे काळोखात बॉनेट उघडून, हात न लावता, कुणाला सेल्फ मारायला सांगा. प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर रबर चिरलंय, वायरी बदला. उजेडात हे कधीच दिसत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

आणि ऑइल बदलताना डब्यावर वाचा. 20डब्ल्यू-50 मधला 'डब्ल्यू' विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. पण जुन्या इंजिनाला कुठलं चालेल ते मेकॅनिकला विचारूनच. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यानं नरम पडतात. दिवाळीच्या साफसफाईत तिकडेही एक नजर टाका, पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

आमच्या चोकच्या वायरीचं आवरण तेवढं त्या तापण्यानं आतून वितळलंय, ओढताना अडकते. जुन्या गाडीची म्हणून सहज मिळत नाही. नाशिकच्या एका दुकानदाराला सांगून ठेवली आहे, मार्गशीर्षाआधी आणून देतो म्हणालाय.