थेंब कुणाचा?

छप्पर गळते, नळ गळतो, हस्ताच्या पावसात आभाळ गळते. या गळत्यांची आपल्याला सवय असते आणि त्यांच्याविषयी बोलायची एक ठरलेली भाषाही असते. घरमालकाला चार शब्द सुनवावे, नळवाल्याला दोन निरोप धाडावे, आभाळाला काहीच म्हणू नये. पण पन्नास हजार मोजून नुकतेच बांधून घेतलेले इंजिन गळू लागले, तर ते कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हा धडा कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. मला तो गेल्या वर्षी दसरा ते भाऊबीज एवढ्या मुदतीत एकट्यानेच गिरवावा लागला.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात ती फियाट ११०० या इटालियन गाडीवरून बनत असे. पद्मिनी हे नाव तिला पुढे १९७० नंतर मिळाले. पण वडिलांच्या पिढीने ते कधी तोंडात रुळू दिले नाही. लग्नात नाव बदललेल्या मुलीला माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तसे ते तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. त्यांनी ती १९८६ साली घेतली. आम्ही तेव्हा वाशीला राहत होतो. रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली ती १९९२ साली. तोपर्यंत मुंबईला जायचे म्हणजे खाडीवरचा तो एकच पूल, आणि त्या पुलावर भरती असली की वडील गाडी मुद्दाम हळू करीत, पोरांना पाणी दिसावे म्हणून.

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा जमाना ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी हळहळून मजकूर छापला. आमच्यासारख्यांच्या खासगी गाड्यांना मात्र दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करून, वर हरित कर भरून, अजून रस्त्यावर राहता येते. राहावे का, हा प्रश्न आमच्या सौ. दर पाच वर्षांनी विचारतात. त्याचे उत्तर माझी आई देते. तिचे वय एक्याऐंशी. नव्या गाड्यांत तिला एकतर खड्ड्यात उतरल्यासारखे बसावे लागते, नाहीतर माळ्यावर चढल्यासारखे. पद्मिनीची बैठक खुर्चीसारखी सरळ. “हिच्यात गुडघ्यांना विचारावं लागत नाही,” असे ती म्हणते. आणि वर्षातून एकदा, भाऊबीजेला, ती या गाडीतून पेणला जाते. तिथे तिचा भाऊ आहे. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. या दोघांच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षी जाऊ’ हे वाक्य आता घरात कुणी उच्चारीत नाही.

तेव्हा गाडीने धूर ओकायला सुरुवात केली तशी मी ती तुर्भ्याला उस्तादांकडे नेली. वडिलांच्या वेळेपासून तेच ही गाडी पाहत आले आहेत. त्यांनी इंजिन उतरवले. चारही बोअर मारले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा, लेथवाल्याकडून क्रँक घासून आणला. दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी परत आली. आवाज असा, की शिलाई मशीन चालावे. सौ. सुद्धा “बरी वाटते हो,” म्हणाल्या.

एकादशीच्या सकाळी आमच्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, गाडीच्या नाकाखाली, सात काळे थेंब पडलेले होते.

पहिल्या खेपेला उस्तादांचा पोऱ्या खाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, “चेंबरचं पॅकिंग.” चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालचे तेलाचे भांडे. ते मागच्या बाजूने ओले होते खरे. नवे कॉर्कचे पॅकिंग बसले, बोल्ट आवळले गेले. दुसऱ्या दिवशी थेंब अकरा. दुसऱ्या खेपेला वरचे टॅपेट कव्हर दोषी ठरले. थेंब नऊ. तिसऱ्या खेपेला उस्ताद स्वतः वाकले. त्यांनी ब्रीदरची नळी काढून तिच्यात फुंकर मारली, कारण इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर पडायची वाट बुजली, तर ती तेलालाच प्रत्येक फटीतून ढकलून काढते. नळी मोकळी होती. “नवीन काम आहे साहेब,” ते म्हणाले, “रिंगा जरा बसू द्या.” रिंगा बसायला वेळ लागतो हे मलाही ठाऊक होते. त्या बसेपर्यंत तेल जळावे, धूर यावा, हे समजते. रोज नेमाने खाली ठिबकावे, हे मला काही पटेना.

मग सुरू झाली ती टोलवाटोलवी. पोऱ्या म्हणे, लेथवाल्याने क्रँक नीट घासला नसेल. लेथवाला म्हणे, माझे माप केसाला चुकत नाही, सील खराब असेल. सीलचा दुकानदार कुर्ल्याचा. तो म्हणाला, माल उत्तम आहे, बसवणाऱ्याचा हात पाहा. थेंब मात्र पडायचा तो माझ्याच दारात. सोसायटीच्या चिटणीसांनी डागांबद्दल एक चिठ्ठी पाठवली. तिच्यात ‘आपले वाहन’ हे शब्द दोनदा अधोरेखित होते.

आमच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांना अशा वेळी फार उत्साह येतो. “सरळ ग्राहक आयोगाकडे जा. ही सदोष सेवा. दोन वर्षांची मुदत आहे तुम्हाला.” ग्राहक संरक्षण कायदा मुळात १९८६ चा, म्हणजे आमच्या गाडीच्याच वयाचा. २०१९ साली तो नव्याने झाला. गाडीचे तेवढे इंजिनवरच भागले होते. वकिलांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बिल होते, पैसे दिलेले होते, दोष उघड होता. पण दोन वर्षांची मुदत घेऊन मी काय करणार? माझी मुदत भाऊबीजेपर्यंत होती. आणि दुसरे असे, की वडील गेले त्या दिवशी हा माणूस गॅरेज बंद करून आला होता आणि आमच्या दारात उन्हात उभी असलेली गाडी त्याने कुणी न सांगता सावलीत नेऊन लावली होती. अशा माणसाला नोटीस कोणत्या पत्त्यावर धाडायची? आणि त्या एका आठवणीखातर गळके इंजिनही पदरात घ्यायचे का? मला दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य वाटत होत्या.

शेवटी मी बोलायचे काम थेंबावरच सोपवले. रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचे, वर नाकाची दिशा आणि पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने मांडायच्या, सकाळी थेंब मोजून कोपऱ्यात लिहायचे. तारीख वर्तमानपत्रावर छापलेलीच असते! पाच दिवसांचे पाच कागद झाले. सहाव्या दिवशी रॉकेलचा वास अंगाला लागेपर्यंत इंजिन खालून पुसून कोरडे केले आणि आईच्या डब्यातली टाल्कम पावडर त्यावर उधळली. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे नेतो, त्यामुळे मागचे भांडे ओले दिसते आणि उगम भलतीकडेच असतो. पावडरीवर तेलाची वाट उमटते. इंजिन जागेवरच दहा मिनिटे चालवले. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ पुढच्या पुलीच्या मागून निघाली होती.

ते कागद घेऊन मी तुर्भ्याला गेलो. काही बोललो नाही. उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेले, एकावर एक ठेवून उजेडात धरले. डाग एकाच जागी होते. “रेडिएटर काढ,” ते पोऱ्याला म्हणाले.

पुली हातात आली तेव्हा ती पुसून त्यांनी उजेडाकडे नेलीच नाही. सीलमध्ये फिरणाऱ्या तिच्या गुळगुळीत भागावर त्यांनी डोळे मिटून अंगठ्याचे नख फिरवले. नख अडकले. मग माझे बोट धरून तिथे ठेवले. केसाएवढी खाच होती, सबंध गोल. जवळजवळ चाळीस वर्षे रबराचा ओठ एकाच जागी घासत राहिला होता आणि त्या मऊ रबराने, धुळीच्या मदतीने, पोलाद कोरले होते. नवे सील त्याच जुन्या खाचेवर बसत होते. सीलही चांगले, क्रँकही चांगला.

“हे बांधतानाच बघायला पाहिजे होतं,” उस्ताद म्हणाले. “पोरानं बसवली. मी बघितली, पण...” त्यांनी डोळ्यांकडे बोट केले. “मोतीबिंदू आहे. दिवाळीनंतर काढायचा आहे.” पोऱ्या जमिनीकडे पाहत होता.

नवी पुली मिळणे कठीण. ज्या कारखान्याने ती बनवली तिथे आता गाड्या बनत नाहीत. मग जुन्या पुलीवरच लेथवाल्याने पोलादाची पातळ स्लीव्ह चढवली, तिला घासून झकास चकाकी दिली. पैशांचा विषय मीच काढला. मला वाटते, तो काढायलाच हवा होता. भिडेपोटी गप्प बसणारा माणूस पुढे वर्षभर मनात हिशेब करीत बसतो. उस्तादांनी क्षणभर विचार केला. “मजुरी, सील, लेथ माझं. तेल तुमचं.” मी हो म्हटले. तेल भरून झाल्यावर त्यांनी ते पाच कागद मागून घेतले आणि घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवले. पोऱ्याला दाखवायला, म्हणाले.

पुढच्या तीन रात्री कागद कोरे निघाले. भाऊबीजेला सकाळी आम्ही पनवेलवरून पेणला गेलो. मामा ओसरीवर काठी टेकून उभेच होते. आई गाडीतून उतरली ती कुणाचा हात न धरता. अंगणात रांगोळी होती. तिच्यापासून दूर, आंब्याखाली गाडी लावली आणि मी सवयीने खाली वर्तमानपत्र सरकवले. मामा म्हणाले, “हे काय, गाडीला पण पाट मांडतोस?”

ओवाळणी झाली, जेवणे झाली. आई आणि मामा दुपारभर, मला ठाऊक नसलेल्या माणसांविषयी बोलत राहिले. निघताना कागद ओढला तर मधोमध एक थेंब. एकच. मी आंब्याखालूनच उस्तादांना फोन लावला.

“कुठं पडलाय?” त्यांनी विचारले.

“मध्ये. पुढच्या चाकांच्या बराच मागे.”

पलीकडे ते हसले. “तो गिअरबॉक्सचा. तो मोठ्या साहेबांच्या वेळचा आहे. असू द्या त्याला.”