तीनशे ऐंशी रुपयांचा उजेड

महिन्याची सव्वीस तारीख. एका मासिकाकडून तीन लेखांचे पैसे यायचे होते आणि ते 'प्रोसेसमध्ये' होते. (फ्रीलान्सर मंडळींना या शब्दाचा अर्थ सांगायला नको!) नेमकी याच मुहूर्तावर मला घराचा लुक बदलायची हुक्की आली. कर्वेनगरातलं वन रूम किचन, भिंतीवर पांढरीफटक ट्यूब. त्या उजेडात रात्री आरशात पाहिलं, की ऑपरेशन थिएटरमधून पळून आल्यासारखं वाटतं. एक छानसा लॅम्प हवा होता. ऑनलाइन पाहिलं. नुसती शेड अठराशे रुपये! दिवा वेगळा.

तेव्हा माळ्यावरचा दिवा आठवला.

हा दिवा ताडकळसचा. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात आमचं गाव. पुण्यात कुणी विचारलं तर मी 'परभणी' सांगून मोकळी होते. आई-अण्णांच्या लग्नात आहेर म्हणून आलेला टेबल लॅम्प, पितळी रंगाची दांडी, वर तारेच्या सांगाड्यावर ताणलेली क्रीम कलरची कापडी शेड. अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर. 2005 च्या पुढची ती वर्षं लोडशेडिंगची. दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची. रात्री अकराला, कधी बाराला आली, की अण्णा उठून वह्या तपासायला बसायचे. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. मी पुण्याला निघताना आईनं दिवा जुन्या टॉवेलात गुंडाळून हातात दिला. "ने माय. हितं धूळच खायलाय."

आणला, आणि सरळ माळ्यावर टाकला. बघवत नव्हता, खरं सांगते. शेड पिवळी पडलेली, एका बाजूला तळहाताएवढा करपलेला तपकिरी डाग.

आता शेड बदलायची म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. आकाशकंदील केलाय ना कधी? सांगाडा आणि त्यावर कागद किंवा कापड, बास! इसामू नोगुची नावाच्या शिल्पकारानं 1951 मध्ये जपानमधल्या गिफू गावचे कागदी कंदील पाहिले आणि त्यावरून 'अकारी' दिवे केले. ते आज म्युझियममध्ये मांडलेत. आपले कंदील तुळशीचं लग्न झालं की माळ्यावर.

जुनं कापड मी ब्लेडनं उसवलं. फाडलं नाही, हे महत्त्वाचं, कारण तेच पुढे मापाला लागतं. माझी शेड वर अरुंद, खाली रुंद. अशा शेडचं कापड सरळ पट्टी नसतं, कमानीसारखं वाकडं असतं. हे न कळल्यामुळे माझी एक जुनी उशीची खोळ फुकट गेली. जुनं कापड नसेल तर सांगाडा वर्तमानपत्रावर आडवा ठेवायचा, हळूहळू पूर्ण एक फेरी लोळवायचा आणि वरच्या-खालच्या कडेबरोबर पेन्सिल फिरवत जायची. आपोआप कमान तयार होते. चारी बाजूंनी अर्धा-पाऊण इंच जास्त सोडायचं. सांगाड्याचा गंज पॉलिश पेपरनं घासला, वरच्या-खालच्या कड्यांना सुती नाडी घट्ट गुंडाळली. तारेत सुई शिरत नाही, नाडीत शिरते.

कापड घरचंच. आजीची जुनी इरकल, गोधडीसाठी आईनं दिलेली, फिकट हिरवी, बारीक चौकड्यांची. इलकल हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं निम्मं आयुष्य इरकलीत गेलंय. एक फंडा लक्षात ठेवा: कापायच्या आधी कापड पेटत्या बल्बसमोर धरून बघा. दिवसा मस्त दिसणारं कापड रात्री उजेड गिळून टाकतं. माझं अर्धं गिळत होतं. म्हणून रविवार पेठेत, बोहरी आळीकडे जाऊन पांढरं अस्तर आणलं. आतून पांढरं असलं की उजेड परत फिरतो. वायर तडकली होती, तिथे मात्र कंजूषपणा केला नाही. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून नवी वायर, प्लग आणि होल्डर बसवून घेतला. होल्डर पिनवाला की आट्यांचा, हे बघूनच बल्ब घ्या. जुन्या साठच्या बल्बची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जायची. त्याच उजेडाला आता नऊ वॉटचा एलईडी पुरतो आणि कापडही करपत नाही. फक्त 'वॉर्म व्हाइट' मागायचा. नाहीतर ऑपरेशन थिएटर पुन्हा हजर!

हिशेब: अस्तर ऐंशी, नाडी वीस, लेस साठ, वायर-प्लग-होल्डर एकशे तीस, बल्ब नव्वद. एकूण तीनशे ऐंशी. लेस नंतर काढून टाकली, फारच लग्नाच्या हॉलसारखी दिसत होती. इरकलीचाच काठ खाली लावला. दिवा लागला आणि मी पाच मिनिटं स्वतःवरच फिदा!

पुढच्या आठवड्यात आई आली. ती गावात ब्लाउज शिवते. तिनं आधी दिवा पाहिलाच नाही, शेड उलटी करून टाके पाहिले. "बरे घातलेस की." मग थांबून म्हणाली, "जुनं कापड कुठाय? फेकलंस का काय?"

माझ्या पोटात गोळा आला. मापासाठी म्हणून ते ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवलं होतं, एवढंच. जपून ठेवायचं वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. तिनं ते मांडीवर पसरलं, डागावर बोट फिरवलं.

"तू लहानी व्हतीस. बाजूला खाटंवर निजायचीस. उजेड डोळ्यावर आला की रडायचीस. मग ते ही शेड तुझ्याकडं वाकडी करून बसायचे. बल्बला टेकायची, करपली."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलायची की. लग्नाचा दिवा जाळायलेत म्हणायची." ती डाग आतल्या बाजूला घेऊन कापडाची घडी घालू लागली. "ऐकत व्हते व्हय?"

मी त्या दिव्यावर एवढी मेहनत केली, कापडाचा इंच न् इंच मोजला, डाग पडलेली बाजू माझी होती हे मात्र मला कधी कळलं नसतं. मी तिला चहा विचारला. दुसरं काही सुचलंच नाही.

जाताना आईनं ते कापड तिच्या बॅगेत तळाशी, साड्यांखाली ठेवलं. उरलेल्या इरकलीचा तुकडाही घेतला, पिशवी शिवते म्हणाली. रिक्षात बसताना विचारलं, "ते लेखाचे पैसे आले का गं?"

अजून नाहीत. प्रोसेसमध्ये आहेत.