किरकोळ खर्च

संशोधनासाठी पैसा कोठून मिळतो आणि तो कसा मागावा हे शिकवणाऱ्या कार्यशाळांना आम्ही दोघी गेल्या बारा-तेरा वर्षांत अनेकदा जाऊन आलो. आमच्यापैकी एक साताऱ्यात शिकवते, दुसरी सांगलीत. एम.ए. दोघींनी कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात केले. हे दोन्ही जिल्हे त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येत असल्यामुळे कार्यशाळेच्या निमित्ताने भेट घडते. खरे सांगायचे तर पहिल्या खेपेस आम्ही भेटीसाठीच गेलो होतो. सभागृह मात्र भरलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने संशोधन प्रकल्पांना पदोन्नतीसाठी गुण देऊ केले होते. त्यामुळे ज्यांना संशोधनाची ओढ होती तेही आले होते, आणि ज्यांना नव्हती तेही.

या कार्यशाळांची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यांनी आम्हाला जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मराठीचा प्राध्यापक अर्ज लिहू लागला की बहुधा प्रस्तावना लिहितो. 'महाराष्ट्राला संतपरंपरेचा थोर वारसा लाभला आहे' येथून निघालेला अर्ज आपल्या प्रश्नापर्यंत पोचेतो पाने संपतात. तुम्हाला नेमके काय शोधायचे आहे, ते आजवर कोणी का शोधले नाही आणि ते तुम्हीच का शोधावे, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिल्या पानावर द्यायला आम्ही तेथे शिकलो. पुढे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाही ही कसोटी उपयोगी पडली.

आमचा विषय होता माण, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील मेंढपाळ स्त्रियांची शब्दसंपत्ती. मेंढरांच्या रंगांची, दुखण्यांची, लोकरीची, चाऱ्याची, आभाळाची नावे. जतमधील माडग्याळ या गावाच्या नावाने मेंढ्यांची एक जातच ओळखली जाते. पण त्या मेंढ्या राखणाऱ्या बाया कोणत्या शब्दांत बोलतात हे आम्हाला नीटसे माहीत नव्हते. मेंढरे कोंडायच्या जाळीला 'वाघूर' म्हणतात एवढे ठाऊक होते. अर्जात 'गृहीतक' असा रकाना होता. आमच्यापाशी गृहीतक नव्हते, कुतूहल होते. मार्गदर्शकांनी ते गृहीतकाच्या भाषेत बसवून दिले. तेथवर सारे ठीक झाले.

अडले ते अंदाजपत्रकात. पुस्तके, उपकरणे, प्रवास, टंकलेखन अशी खर्चाची शीर्षे ठरलेली होती. आम्ही विचारले, "ज्या बाया आपला दिवस मोडून आमच्याशी बोलणार, त्यांना काही द्यायचे झाले तर ते कोठे दाखवायचे?" सर क्षणभर थांबले आणि सौजन्याने म्हणाले, "किरकोळमध्ये टाका."

आम्ही टाकले. एका संस्थेने प्रकल्प मंजूर केला. मात्र मंजुरीपत्रात रक्कम कमी झाली होती, आणि कात्री लागली होती ती किरकोळ खर्चालाच. शिवाय पैसा एकतीस मार्चपूर्वी खर्च करून विनियोगाचे प्रमाणपत्र द्यायचे होते. दिवाळीनंतर बाहेर पडलेले कित्येक वाडे पावसाच्या तोंडावर परततात, हे आर्थिक वर्षाला कोण सांगणार?

तरी गेलो. माणमधील एका वस्तीवर घरी राहिलेली एक आजी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलत होती. आम्ही वही भरत होतो. निघताना त्या म्हणाल्या, "मेंढरामागं आज दुसरा गडी लावलाया. त्याची हजेरी कोन देनार, बाई?" त्या स्वरात तक्रार नव्हती, साधा हिशेब होता. हजेरी आम्ही आमच्या पर्समधून दिली. पावती मागण्याचे धैर्य झाले नाही. परतीच्या एस.टी.चे तिकीट मात्र जपून ठेवले, कारण ते प्रवासाच्या शीर्षाखाली चालणार होते.

त्या परतीच्या प्रवासात आपापली गावे आठवली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय सुटला, आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केले. त्या 'मुष्टिफंडा'ला अर्जाचा नमुना नव्हता. पण देणारा कोण आणि आपण कोणाचे देणे लागतो, हे घेणाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्या धान्यात मेंढपाळांच्या घरची मूठही असेलच. त्याच परंपरेच्या जिल्ह्यात शिकवणाऱ्या आम्ही आजीबाईंचा दिवस 'किरकोळ' म्हणून लिहून मोकळ्या झालो होतो.

आता कार्यशाळांत नवी नावे ऐकू येतात. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले; विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे सांधा जुळतो तेथे मानव्यविद्यांनाही त्यात जागा आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे जायचे तर भाषेचा विषय समाजाच्या अंगाने मांडावा लागतो. हे सारे शिकून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. तरुण सहकाऱ्यांना आम्ही आग्रहाने कार्यशाळेला पाठवतो.

मागच्या वर्षी अशाच एका कार्यशाळेत बोलण्याची पाळी आमच्यावर आली. अंदाजपत्रकाचा तास आमच्याकडे होता. फळ्यावर शीर्षे लिहिताना पहिल्या ओळीत आम्ही लिहिले, 'माहितगारांची हजेरी'. एका तरुण प्राध्यापकाने विचारले, "मॅडम, हे मंजूर होतं का?"

"बहुधा कापतात," आम्ही म्हटले. "पण कापणाऱ्याला ते वाचावे तरी लागते."